इंदापूरची मोजणी आणि लेफ्टनंट विंगेट

जॉर्ज विंगेट हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतील इंजिनिअर दलाचा लेफ्टनंट होता. पूल, रस्ते आणि तटबंदी यांचे शिक्षण घेऊन आलेल्या या शिपाईगड्याची हिंदुस्थानातील सारी कारकीर्द मात्र शेतजमिनीच्या मोजणीत गेली. तिची सुरुवात झाली पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदापूर तालुक्यात. तिथे १८३६ साली त्याने आणि हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याने शेतसाऱ्याची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्याच्या बहुतेक रयतवारी मुलखात लागू झाली. सर्व्हे नंबर, एकर-गुंठा, पोटखराबा आणि आकार हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेले शब्द या पद्धतीबरोबर गावोगाव पोचले. विंगेटची गोष्ट ही इंदापूर आणि बारामतीच्या जमिनीचीही गोष्ट आहे.

इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला आहे. उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमा, दक्षिणेकडून नीरा, आणि आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे दोघींचा संगम. नद्यांच्या काठाने काळी कसदार जमीन आणि आत गेले की मुरमाड माळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस बेभरवशाचा असतो. एखाद्या साली वळवाने आणि परतीच्या पावसाने शेते भिजतात, तर एखाद्या साली आभाळ कोरडेच राहते. काळ्या रानात शाळू, करडई आणि हरभरा, माळावर बाजरी, हुलगा आणि मटकी असे पीक. शेजारची बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे. त्या तालुक्यात कऱ्हा नदीचे खोरे, सुपे, मोरगाव आणि उंडवडीचा कोरडवाहू पट्टा येत होता. दोन्ही तालुक्यांतील शेतकऱ्याचे दैव पावसावर अवलंबून होते, आणि सारा ठरवताना ही एकच गोष्ट विसरली तरी पुढचे सगळे गणित चुकत असे.

पेशवाईच्या अखेरच्या वर्षांनी हा मुलूख पार खंगून गेला होता. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा या वाटेने पुण्यावर चालून आल्या आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. गावे ओस पडली. ओसाड गावे पुन्हा वसवण्यासाठी मराठी राज्यात इस्ताव्याची जुनी रीत होती. पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, दरवर्षी थोडा वाढवत न्यायचा आणि काही वर्षांनी पूर्ण दराला आणायचे. शेतकऱ्याला बी-बियाणे आणि बैल उभे करायला यामुळे अवधी मिळे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र इजाऱ्याचा जोर वाढला. वसुलीचा हक्क जास्त बोली लावणाऱ्याला विकला गेला, आणि इजारदाराने मुदत संपण्याआधी आपले पैसे वसूल करून घेतले. १८१८ मध्ये राज्य इंग्रजांच्या हाती गेले तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने इजारा बंद केला आणि शक्य तितक्या जुन्या वहिवाटी राखण्याचे धोरण ठेवले. रयतेकडून थेट सारा घ्यायचा, पाटील-कुलकर्णी कायम ठेवायचे, मिरासदाराचा, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्याचा, हक्क मान्य करायचा.

अडचण होती ती जमिनीच्या हिशोबाची. गावात जमीन बिघ्याने आणि चाहुराने मोजली जाई. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. पण काठीची लांबी आणि बिघ्याचा विस्तार गावागणिक बदले, आणि हलक्या जमिनीचा बिघा भारी जमिनीच्या बिघ्याहून मोठा धरला जाई. मिरासदाराकडे किती, मिरासहक्क नसलेल्या उपऱ्याकडे किती आणि पडीक किती, हे कुलकर्ण्याच्या दप्तराखेरीज कुठेच लिहिलेले नव्हते. मामलेदार बदलला की त्याला कुलकर्ण्याच्या शब्दावर विसंबावे लागे. नव्या सरकारला हे चालण्यासारखे नव्हते. त्यात १८२० नंतर धान्याचे भाव घसरत गेले. सारा नगदीत ठरलेला आणि धान्य मात्र स्वस्त, त्यामुळे तेवढाच सारा भरायला शेतकऱ्याला पूर्वीपेक्षा किती तरी अधिक ज्वारी विकावी लागू लागली.

या कोंडीवर उपाय म्हणून रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याकडे पुणे भागाची मोजणी सोपवली गेली. कंपनीच्या नोकरांना तयार करणाऱ्या हेलीबरी कॉलेजात माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे. रिकार्डोने खंडाचा सिद्धान्त मांडला होता आणि लंडनला कंपनीच्या कचेरीत जेम्स मिल बसलेला होता. जमिनीतून निघणाऱ्या उत्पन्नातून मशागतीचा सगळा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते, त्यावर सरकारने हक्क सांगावा असे या मंडळींचे मत होते. प्रिंगलने ते शब्दशः अमलात आणले. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पीक येते, नांगरणीला, बियाण्याला, खुरपणीला आणि बैलांच्या वैरणीला किती खर्च येतो, याचे तपशील गोळा केले, आणि निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ हा सरकारचा वाटा ठरवला.

कागदावर ही योजना अचूक होती. पण बियाण्याचा, वैरणीचा आणि मजुरीचा खर्च हजारो शेतांसाठी ठरवायचा म्हणजे आकडे भरणारा माणूस तितकाच जाणता आणि प्रामाणिक हवा. ते काम पडले तुटपुंज्या पगाराच्या कारकुनांवर, आणि त्यांच्यावर देखरेख करायला अधिकारी पुरे नव्हते. ज्याने लाच दिली त्याची भारी जमीन हलकी झाली. ज्याच्यापाशी द्यायला काही नव्हते त्याचा मुरूमही काळ्या मातीच्या दराला चढला. पाटील-कुलकर्ण्यांचे यात फावले आणि गरीब कुणबी भरडला गेला. नवे दर १८३० च्या सुमारास लागू झाले तेव्हा भाव पडलेले होते आणि पाऊसही रुसलेला होता. सारा वसूल होईना. दरवर्षी सूट द्यावी लागे. सूट कुणाला किती हे पुन्हा गावकामगारच सांगत, म्हणजे लाचेला दुसरे दार उघडले. वसुलीसाठी रयतेला छळण्यापर्यंत मजल गेली होती, हे पुढे १८७० नंतर मुंबई सरकारच्याच अहवालाने स्पष्ट शब्दांत मान्य केले. इंदापूरची कुटुंबे गुरेढोरे घेऊन निजामाच्या मुलखात निघून गेली. चांगल्या जमिनी पडीक पडल्या. जिथे थोडेसे पीक होते तिथेही शेतकरी पूर्ण शेत पेरायला धजेना.

१८३५ मध्ये इंदापूरच्या या दुरवस्थेची चौकशी करण्यासाठी गोल्डस्मिड आला. त्याचा जन्म १८१२ चा, तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस. मुंबई बेटावर बसून हुकूम काढणाऱ्या सरकारला त्याने कळवले की प्रिंगलचे दर थोडेफार खाली आणून भागणार नाही, कारण मोजणीच बिघडलेली आहे. जमीन पुन्हा मोजायला हवी आणि तिची प्रत पुन्हा ठरवायला हवी. या कामासाठी मोजणी जाणणारा माणूस हवा म्हणून इंजिनिअर दलातून लेफ्टनंट विंगेटला दिले गेले. नंतर लेफ्टनंट नॅशही त्यांच्यात सामील झाला. तिघेही तरुण होते. तंबू टाकून गावोगाव फिरायचे, शेतात उभे राहून कारकुनांचे काम तपासायचे, आणि संध्याकाळी चावडीत पाटील, कुलकर्णी आणि जाणत्या शेतकऱ्यांना विचारायचे, असा त्यांचा क्रम होता.

पहिले काम मोजणीचे. त्यासाठी तेहतीस फूट लांबीची साखळी वापरात आली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशा चौकोनाला गुंठा म्हणायचे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर धरायचा. हे मान सोपे असल्याने शेतकऱ्यालाही ते पडताळून पाहता येई. साखळी घेऊन निघालेल्या कारकुनाबरोबर गावचा महार असे. गावच्या शिवेचा आणि शेताच्या हद्दीचा खरा जाणकार तोच. तंटा पडला की त्याचा शब्द पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानला जात होता. मोजणीच्या सरकारी कागदांत या जाणकारीला नाव मिळाले नाही, पण तिच्यावाचून एकही शेत नकाशावर आले नसते. हद्दी ठरल्या की कोपऱ्यांवर दगड रोवले जात आणि मध्ये मातीचे बांध घातले जात. ते राखण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर असे.

मोजणीचा घटक म्हणजे सर्व्हे नंबर. एका बैलजोडीने वाहता येईल एवढी जमीन एका नंबरात घालायची, हे धोरण होते. पुढे ठरलेल्या नियमांप्रमाणे हलक्या कोरडवाहू जमिनीचा नंबर वीस एकरांचा, मध्यम जमिनीचा पंधरा, भारी काळीचा बारा आणि भाताचा चार एकरांचा धरला गेला. म्हणजे शेतकऱ्याची ताकद जमिनीच्या प्रतीनुसार किती रानाला पुरते, याचा विचार त्या आकड्यांत होता. प्रत्येक नंबराचा स्वतंत्र सारा, म्हणजेच आकार, ठरल्याने, संपूर्ण गावाची बेरीज आधी ठरवून ती गावकऱ्यांत वाटण्याची जुनी पद्धत मोडली. भाऊबंदांची आणि गावकीची सामाईक जबाबदारी मागे पडली. जो तो आपल्या नंबराचा धनी आणि आपल्या नंबराचा देणेकरी झाला. यातच पुढच्या चांगल्या-वाईटाचे बी होते.

खरी कसोटी प्रतवारीची होती. प्रिंगलने पिकाचा आणि खर्चाचा हिशोब करू पाहिला. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी मातीकडे पाहिले. जमिनीची भारी-हलकी प्रत ठरवणाऱ्या दोन गोष्टी कुणालाही डोळ्यांनी पाहता येतात: मातीचा पोत आणि तिची खोली. पोताचे तीन दर्जे केले. बारीक कणाची काळी, त्याखालची जरा भरड, आणि तिसरी खडेमिश्रित सैल माती. खोली हाताने मोजायची, पावणेदोन हात खोलीची काळी सगळ्यांत वरची. पोत आणि खोली यांच्या मेळातून नऊ प्रती झाल्या, आणि त्यांना सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत किंमत दिली गेली. शेताच्या नकाशावर रेघा ओढून चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात पहारीने खणून माती पाहायची आणि तिची प्रत नोंदवायची. त्यातून दोष वजा करायचे. चुनखडी, रेताडपणा, उतार, चोपण, पाण्याने वाहून जाणारी माती, आत पाणी साचून राहणारी माती, असे दोष चिन्हांनी दाखवले जात, आणि प्रत्येक दोषाबरोबर प्रत खाली जाई. सगळ्या चौकोनांची सरासरी काढली की नंबराचा आणेवार दर्जा हाती येई. शेतात पेरताच येत नाही अशी जागा, म्हणजे ओढा, खडक किंवा वाट, आधीच बाजूला काढली जाई. तोच पोटखराबा.

या प्रतवारीची मांडणी अशी होती की एका कारकुनाने केलेले काम दुसरा माणूस जाऊन तपासू शकत असे. त्याच ठिकाणी पुन्हा खणले की तीच माती निघणार. वरच्या अधिकाऱ्याने प्रत्येक कारकुनाच्या कामातली काही शेते स्वतः पुन्हा तपासायची आणि फरक निघाला तर कामच रद्द करायचे, असा शिरस्ता ठेवला गेला. लाच पूर्ण थांबली असे कोणी म्हणणार नाही, पण लाचेला वाव कमी झाला. इंदापूरच्या मोजणीचा सर्वांत मोठा गुण हाच मानावा लागेल. तिच्या पायाशी बुद्धिवंताचा सिद्धान्त नसून सामान्य शेतकऱ्याला ओळखता येणारी माती होती.

प्रत सापेक्ष असते. एका गावची सोळा आण्यांची जमीन आणि दुसऱ्या गावची सोळा आण्यांची जमीन सारखा सारा देऊ शकत नाहीत, कारण पाऊस वेगळा, बाजार जवळ-लांब, शेतकऱ्याची मशागत वेगळी. म्हणून गावांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक कमाल दर लावला गेला, आणि त्यावरून खालच्या प्रतींचे दर आपोआप निघाले. तो कमाल दर ठरवताना विंगेटने मागच्या कित्येक वर्षांचे आकडे चाळले. कोणत्या साली किती जमीन पेरली गेली, किती सारा बसवला, किती सूट दिली आणि हाती काय आले, हे सगळे त्याने आलेखांवर रेघांनी मांडले. त्या आलेखांत एक गोष्ट वर आली. सारा चढवला की पेरा घटतो, आणि पेरा घटला की चढवलेल्या साऱ्यातून वसूलही कमीच होतो. त्यामुळे त्याने आणि गोल्डस्मिडने दर मुद्दाम हलके ठेवले. सारा भरून शेतकऱ्याच्या हाती काही उरले पाहिजे, जमिनीला विकत घेणारे मिळावे इतकी तिची किंमत झाली पाहिजे, हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी उघडपणे लिहून ठेवला आहे.

दर तीस वर्षांसाठी कायम झाले. या मुदतीत शेतकऱ्याने विहीर काढली, ताल घातली किंवा माळ मोडून बागायत केली, तरी सारा वाढणार नव्हता. उलट त्याला नको असेल तर दरवर्षी राजीनामा देऊन एखादा नंबर सोडून देता येई, आणि पडीक नंबर कबुलायत लिहून घेता येई. सरकारने हात बांधून घ्यायचे आणि शेतकऱ्याने मोकळे राहायचे, असा हा करार होता. तो इंदापूरला फळला. पळून गेलेली कुटुंबे परत आली. मुरमाड रानेसुद्धा नांगराखाली आली, सूट मागण्याचे प्रसंग कमी झाले आणि वसूल सुधारला. त्यानंतर भीमथडीतही हीच पद्धत लावली गेली, आणि बारामतीच्या आसपासच्या गावांच्या शिवारांत साखळी फिरली. सोलापूर, नगर, खानदेश आणि दक्षिण महाराष्ट्र असे करत मोजणी पसरत गेली. विंगेटकडे पुढे धारवाड भागाचे काम आले. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि कॅप्टन डेव्हिडसन यांनी मिळून सगळे नियम एका संयुक्त अहवालात बांधले, आणि मुंबई इलाख्यातील मोजणी खात्याचा तो आधारग्रंथ ठरला.

गोल्डस्मिड मुंबई सरकारच्या मुख्य सचिवपदापर्यंत चढला, पण प्रकृती खचली आणि मायदेशाच्या वाटेवर कैरो येथे जानेवारी १८५५ मध्ये त्याचा मृत्यू झाला. दहा वर्षांनी, १८६५ मध्ये, इंदापूर तालुक्यातील डिकसळ येथे वर्गणीतून त्याच्या नावाची धर्मशाळा बांधली गेली. पहिली मोजणी ज्या भागात सुरू झाली होती त्याच्याजवळची ही जागा होती, आणि तिथे तोवर रेल्वे आली होती. उद्‌घाटनाला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर आला होता.

मिरासदाराला मात्र या मोजणीने हळूहळू दुय्यम केले. पूर्वी मिरासदार पूर्ण सारा देत असे आणि त्याच्या बदल्यात गावकीत त्याचा मान होता. उपरी फिरता शेतकरी कमी साऱ्यावर पडीक जमीन कसे. नव्या व्यवस्थेत दोघांच्या नंबरांवर सारा मातीच्या प्रतीने पडला आणि दोघांचाही हक्क सारखाच झाला. उपऱ्यासाठी ही बढतीच होती. गावाच्या एकजुटीसाठी हा धक्का होता, कारण सारा वाटून घेण्याच्या निमित्ताने बांधलेली मंडळी आता सुटी झाली.

त्या सुट्या शेतकऱ्याला सावकाराने गाठले. या प्रश्नाकडे सर्वांत आधी डोळसपणे पाहिले ते खुद्द विंगेटने. १८५२ मध्ये, तेव्हा कॅप्टन असलेल्या विंगेटने, दिवाणी न्यायालये आणि शेतकऱ्याचे कर्ज यांविषयी सरकारला परखड टिपण लिहिले. जुन्या राज्यात सावकाराला कर्ज वसूल करायला सरकार फारसे मदत करत नव्हते. त्याला गावाच्या मर्जीवर आणि पंचांच्या निवाड्यावर राहावे लागे, म्हणून तो बेताने कर्ज देई आणि तडजोडीने वसूल करी. इंग्रजी न्यायालये आल्यावर कर्जाचे खत दाखवले की हुकूमनामा मिळू लागला. शेतकऱ्याने किती घेतले, किती फेडले, व्याज कसे चढले, हे विचारण्याची न्यायाधीशाला गरज वाटेना. बहुसंख्य शेतकरी तारखेला हजरच राहात नसत, आणि दावे एकतर्फी निकाली निघत. सावकार आणि शेतकरी यांच्यातला जुना परस्परांचा आधार तुटला आणि शेतकरी सावकाराचा गडी बनत चालला आहे, असा विंगेटचा इशारा होता. वीस वर्षांहून अधिक काळ सरकारने तो दप्तरात ठेवला.

विंगेटच्या स्वतःच्या पद्धतीतलेही एक कारण इथे मांडायला हवे. साऱ्याचा दर हलका होता हे खरे, पण तो ठरलेल्या तारखेला नगदीत भरायचा होता, पीक आले न आले तरी. इंदापूरसारख्या भागात वरचेवर पीक हातचे जाई. हप्त्याची तारीख बहुधा धान्य विकले जाण्याआधी येई. त्या दिवशी नगद पैसा फक्त सावकारापाशी असे. त्यातच जमिनीला किंमत यावी हा विंगेटचा हेतू साध्य झाल्याने सावकाराला तारण मिळाले. जमीन विकता येते म्हणून कर्ज सहज मिळू लागले, आणि कर्ज सहज मिळाले म्हणून जमीन जाऊ लागली. १८६५ च्या मोजणी कायद्याने जमिनीचा कब्जा वंशपरंपरा आणि विकण्याजोगा असल्याचे पक्के केले. मोजणीने माती जितकी बारकाईने पाहिली, तितकी शेतकऱ्याची पत पाहिली नाही. ही तिची मोठी उणीव होती, आणि तिची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

१८५७ च्या उठावानंतर विंगेट मेजर या हुद्द्याने इंग्लंडमध्ये होता. १८५९ साली त्याने इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या आर्थिक संबंधांवर छोटे पुस्तक छापले. ज्या देशात कर गोळा होतो तिथेच तो खर्च झाला तर पैसा पुन्हा त्याच लोकांत फिरतो. पण तो परदेशी नेला तर त्या देशाचे निखळ नुकसान होते, असे त्याचे म्हणणे होते. हिंदुस्थानकडून घेतला जाणारा पैसा खंडणीसारखा आहे आणि इंग्लंडच्या हिताचे खर्च हिंदुस्थानच्या माथी मारले जातात, हे त्याने कसलीही भीड न ठेवता लिहिले. पुढे दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा सिद्धान्त मांडताना विंगेटचे दाखले वारंवार दिले. शेतसाऱ्यातून पैसा कसा उभा राहतो हे इंदापूरच्या शिवारात पाहिलेल्या अधिकाऱ्याच्या हातचे हे लिखाण होते, म्हणून त्याचे वजन अधिक होते. त्याला 'सर' हा किताब मिळाला, पण इंग्रज सरकारने त्याच्या या मतांकडे फारसे लक्ष दिले नाही.

इंदापूरची तीस वर्षांची मुदत १८६६-६७ ला संपली. मधल्या काळात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले, रेल्वेच्या कामांमुळे मजुरी आणि नगद पैसा वाढला आणि धान्यही महागले. नवी फेरआकारणी कर्नल फ्रान्सिसने केली ती या तेजीच्या अखेरच्या दिवसांत, आणि तालुक्याचा एकूण सारा सरासरीने निम्म्याच्या आसपास वाढला. एकेका गावाला आणि एकेका नंबराला वाढ त्याहूनही जास्त बसली. लगेच भाव कोसळले. पुढच्या काही वर्षांत भीमथडी आणि इतर तालुक्यांचीही फेरआकारणी झाली. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने शेतकऱ्यांच्या तक्रारी गोळा करून सरकारपुढे ठेवल्या. ऑक्टोबर १८७४ मध्ये सरकारने माघार घेतली आणि तालुक्यावर शेकडा ३३, गावावर ६६ आणि एका शेतकऱ्याच्या जमिनीवर १०० यापलीकडे वाढ करू नये असे बंधन घातले. तोपर्यंत शेतकरी कर्जात बुडाला होता, आणि सारा वाढला म्हणून नवे कर्ज देण्यास सावकार नकार देऊ लागला होता.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि त्यांनी गुजर सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. जमावाला हवी होती ती खते आणि वह्या. ती मिळाली तिथे जाळली गेली. जिथे सावकाराने आपण होऊन कागद काढून दिले तिथे मारहाण टळली. हे लोण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावांत आणि नगर जिल्ह्यात पसरले. लष्कर आणावे लागले. जवळपास हजार लोकांना अटक झाली आणि त्यातल्या निम्म्यांच्या वर लोकांना शिक्षा झाली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने १८५२ च्या विंगेटच्या टिपणाचा आधार घेतला. त्याने तेवीस वर्षांपूर्वी सांगितलेली कारणे आयोगाला गावोगाव दिसली.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कर्जाच्या दाव्यात खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा, हप्ते बांधून देण्याचा आणि अवाजवी व्याज कापण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करणे बंद झाले. गावपातळीवर खते नोंदवण्याची आणि तडजोडीची सोय झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनीही या कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काही काळ काम केले, आणि पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याचे जगणे त्यांनी दाव्यांच्या कागदांतून जवळून पाहिले.

कायद्याने कर्ज थोडे आवरले, पण पावसाचे काय करायचे हा प्रश्न उरला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेवर कालव्याचे काम हाती घेतले गेले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि त्याला पाणी पुरवणारे भाटघरचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यात ऊस आला, गुऱ्हाळे लागली आणि जमिनीची किंमत विंगेटच्या प्रतवारीच्या बाहेर गेली. चोपणाचा दोष असलेली रानेसुद्धा पाण्यामुळे भाव खाऊ लागली, आणि पाणी जास्त झाले तिथे चांगली काळी चोपण होऊ लागली. पुढे सहकारी साखर कारखाने आले आणि दोन्ही तालुक्यांचे रूप बदलले.

१९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबराची जागा गट नंबराने घेतली. एकर-गुंठा हळूहळू हेक्टर-आर झाला, तरी बोलीत गुंठा अजून टिकून आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पोटखराबा आणि आकार यांच्या नोंदी आजही असतात, आणि त्यांतले आकाराचे बरेच आकडे इतके थोडे असतात की शेतकरी ते वाचतही नाही. ते आकडे इंदापूरला १८३६ साली घालून दिलेल्या मोजणीच्या आणि प्रतवारीच्या रीतीतून निघालेले आहेत.